फोनवरचा साहेब



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्या गुरुजींविषयी संयोजकांनी मला एक गोष्ट सांगितली. गावात सरकारी कागद आला की तो आधी त्यांच्या ओसरीवर वाचला जायचा आणि मगच त्यावर कुणाचा अंगठा उठायचा. आजच्या विषयाला ही गोष्ट इतकी जवळची आहे की वेगळी प्रस्तावना करत नाही.

मला दिलेला विषय असा: माणसाचा स्वभाव आणि सायबर गुन्ह्यांबाबतची त्याची जागरूकता. मी मानसशास्त्राचा शिक्षक, म्हणून तो माझ्याकडे आला असावा. अशा व्याख्यानाकडून श्रोत्यांची एक अपेक्षा असते. कोणत्या स्वभावाचा माणूस फसतो ते वक्त्यानं सांगावं, म्हणजे ‘आपण काही तसे नाही’ असं मनाशी म्हणत घरी जाता येतं. ते सुख आज मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

1966 साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कॉम्प्युटरही नाही आणि मोबाइलही नाही, आहे तो फक्त साधा फोन. तरी सायबर गुन्ह्यांवर बोलायला मला त्याच्याइतका उपयोगी प्रयोग दुसरा सापडलेला नाही. दवाखान्यात संध्याकाळच्या पाळीला नर्स एकटी असते. फोन वाजतो. पलीकडचा माणूस सांगतो, मी डॉक्टर बोलतोय, अमुक पेशंटला अमुक औषध वीस मिलिग्रॅम द्या, मी थोड्या वेळात पोचतो, तेव्हा सही करीन. त्या डॉक्टरला तिनं कधी पाहिलेलं नाही. फोनवरच्या हुकमावर औषध द्यायचं नाही, असा दवाखान्याचा नियम आहे. औषध मंजूर यादीत नाही. आणि डबीवर स्पष्ट छापलंय की जास्तीत जास्त मात्रा दहा मिलिग्रॅम. असे फोन बावीस नर्सना केले. एकवीस जणी औषध घेऊन पेशंटच्या खाटेकडे निघाल्या. डबीत अर्थातच निरुपद्रवी गोळ्या होत्या आणि वाटेतच त्यांना थांबवण्यात आलं.

खरी गंमत पुढे आहे. हाच प्रसंग दुसऱ्या काही जणींना नुसता तोंडी सांगून विचारलं, तुम्ही काय केलं असतं? बारा नर्सपैकी दहा म्हणाल्या, आम्ही दिलं नसतं. नर्सिंग शिकणाऱ्या एकवीस मुलींना विचारलं, तर एकवीसच्या एकवीस म्हणाल्या, नाही, नाही म्हणजे नाही.

आपण जागरूकता मोजतो ती या दुसऱ्या गटातली. शाळेत, बँकेत, ग्रामसभेत प्रश्न विचारतो, ‘ओटीपी कुणाला सांगायचा का?’ आणि सगळे एका सुरात ‘नाही’ म्हणतात. ठग मात्र पहिल्या गटाला फोन करतो.

आता स्वभावाकडे येऊ. स्वभाव मोजण्याचं जे शास्त्र आज जगभर चालतं, त्याची सुरुवात शब्दकोशातून झाली. 1936 साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजीच्या मोठ्या कोशातून माणसाचं वेगळेपण सांगणारे सुमारे अठरा हजार शब्द वेचले. पुढच्या काही दशकांत इतरांनी त्यांची चाळण करत करत पाच घटक उरवले: नव्या गोष्टींची ओढ, काटेकोर कर्तव्यबुद्धी, माणसांत रमणं, सौजन्य आणि मनाची घालमेल. प्रत्येकात पाचही असतात, प्रमाण तेवढं वेगळं. या पाचांची सायबर जागरूकतेशी सांगड घालणारे बरेच अभ्यास झाले आहेत. 2017 साली ऑस्ट्रेलियातल्या पाचशेवर नोकरदारांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कर्तव्यदक्ष, सौजन्यशील आणि स्थिर मनाची माणसं जास्त जागरूक आढळली, धोका पत्करणारी कमी. वय आणि स्त्री-पुरुष हा भेद लक्षात घेण्याजोगा ठरला नाही. म्हाताऱ्यांना आणि बायकांना काही कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे ऐकून ठेवावं.

पण मेख अशी की ही सगळी माहिती प्रश्नपत्रिकेतून आलेली आहे. समोर कागद आहे, वर पंखा फिरतोय, कसली घाई नाही. प्रत्यक्ष फसवा संदेश पाठवून कोण गळाला लागतं हे पाहणारे अभ्यास वेगळे आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी भांडतात. एका ठिकाणी सौजन्य माणसाला वाचवतं, दुसऱ्या ठिकाणी तेच बुडवतं. मला यात नवल वाटत नाही. सौजन्यशील माणूस नियम मनापासून ऐकतो, म्हणून परीक्षेत त्याला मार्क मिळतात. आणि समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्याला जड जातं, म्हणून फोनवर तो अडकतो. गुण एकच, पण पारडं कुठे झुकेल हे फोन करणारा ठरवतो.

कर्तव्यदक्ष माणसाचंही तसंच. 2022 च्या सुमारास महाराष्ट्रभर मोबाइलवर एक संदेश फिरत होता. तुमचं मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. महावितरणला वारंवार खुलासे करावे लागले. ज्याची तीन-तीन बिलं थकलेली आहेत, तो असा संदेश वाचून कूस बदलून झोपतो. वेळच्या वेळी बिल भरणारा माणूस मात्र तीरासारखा उठतो. आपल्याकडून चूक कशी झाली, हे त्याला सहन होत नाही. तो त्या अधिकाऱ्याला स्वतःहून फोन लावतो, तो सांगेल ते ॲप घेतो आणि पावती दाखवायच्या नादात खातं रिकामं करून बसतो. त्याच्यावर जाळं पडलं ते त्याच्या नीटनेटकेपणामुळे.

बाकीच्या स्वभावांसाठीही गळ तयार आहेत. नव्याची ओढ असणाऱ्याला घरबसल्या कमाईचं ॲप, माणसांत रमणाऱ्याला व्हॉट्सॲपचा ग्रुप. त्यावर वेळ घालवत नाही. घालमेलीच्या स्वभावासाठी जो प्रकार निघाला, त्याचं नाव मात्र तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, डिजिटल अरेस्ट. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस येतो. मागे झेंडा, भिंतीवर चिन्ह. तुमच्या आधारवर पार्सल निघालंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाशी बोलायचं नाही. आपल्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. 27 ऑक्टोबर 2024 ला खुद्द पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये ते सांगावं लागलं. त्याच वर्षी लुधियानातल्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल या प्रकारात सात कोटी रुपयांना फसले. वय 82, पद्मभूषण, आयुष्यभर मोठा कारभार सांभाळलेला माणूस. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली होती, खोट्या सरन्यायाधीशांसह. त्यांनी नंतर पोलिसांत तक्रार केली आणि उघडपणे बोलले. पैशातला मोठा भाग परतही मिळाला. शिक्षण, पैसा, अनुभव यांतलं काहीच त्या घडीला कामी आलं नव्हतं, हे आपण ध्यानात ठेवायचं.

आपल्या भागात बोहाडा होतो. मुखवटा चढवून सोंग नाचत येतं, पोरं घाबरून आईला बिलगतात, थोरं हात जोडतात. पण मुखवट्याआड कुणाचा पोरगा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, आणि बघायला साराच गाव एकत्र असतो. व्हिडिओ कॉलवरच्या सोंगात या दोन्ही गोष्टी नाहीत. मुखवट्यामागे कोण आहे ते ठाऊक नाही, आणि बघणारा एकटा आहे. त्याला एकटा पाडणं हेच तर त्या सोंगाचं पहिलं काम असतं. दार लावून घ्या, कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका. आतापर्यंत नोंदल्या गेलेल्या अशा गुन्ह्यांचे तपशील काढून पाहा, हा टप्पा सुटलेला क्वचितच दिसेल.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. स्वभावावरून कोणता गळ टाकायचा एवढं ठरतं. माणूस ओढला जातो तो साहेबाच्या आवाजासमोर एकटा पडल्यामुळे. एकटं पडण्याची तयारी आपल्याकडे कोण करून ठेवतं, हा आता आपल्या सुरगाणा तालुक्यापुरता प्रश्न आहे, आणि तो मी जरा सविस्तर मांडणार आहे.

इथल्या एखाद्या बाईचा महिना डोळ्यांसमोर आणा. बोरगावची म्हणा, उंबरठाणची म्हणा, बाऱ्हेची म्हणा. रोजगार हमीची मजुरी खात्यात येते. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात येतात. करोनाच्या काळात खावटी अनुदानाचे चार हजार आले, त्यातले दोन हजार खात्यातच होते. शेतीचा हप्ता नवऱ्याच्या खात्यात. पैसा वाटेत कुणी खाऊ नये म्हणून तो थेट खात्यात टाकायचा, हे धोरण चांगलंच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण खात्यापर्यंत पोचायचं कसं? बँकेची शाखा लांब, एटीएम त्याहून बेभरवशाचं, पाड्यावर रेंज यायची तर टेकाडावर चढायचं. मग ती मिनी बँकेत, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे जाते. मशिनवर अंगठा ठेवते. तिथला पोरगा म्हणतो, ‘मावशी, लागला नाही, पुन्हा ठेवा.’ ती पुन्हा ठेवते. दगडमातीत काम करून रेघा झिजलेल्या असतात, अंगठा खरोखरच लागत नाही. त्यामुळे ‘लागला नाही’ हे खरं की खोटं, हे तिला कसं कळणार? आधार जोडलेल्या या व्यवहारात एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते, त्याला ओटीपी लागत नाही, आणि पावती वाचता येत नसेल तर सगळा हिशेब समोरच्याच्या तोंडी. बहुतेक पोरं प्रामाणिक असतात, ऊन-पावसात गावाला सेवा देतात, हेही बोललं पाहिजे. पण प्रामाणिकपणावर चालणारी व्यवस्था एका अप्रामाणिक माणसाला उघडीच असते.

ओटीपीचं तर विचारूच नका. 2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी. ज्या बाईला हे स्वतः करता येत नाही ती केंद्रावर रांगेत उभी राहते, आणि आकडे आले की मोठ्यानं वाचून दाखवते किंवा मोबाइलच त्या पोराच्या हातात देते. तिथेच भिंतीवर पोस्टर असतं, ‘ओटीपी कुणालाही सांगू नका.’ पोस्टर खरं मानलं तर दीड हजार बुडतात. मग तिनं शिकावं काय? ती शिकते ते हे, की सरकारी कामाला ओटीपी सांगावाच लागतो. पुढल्या आठवड्यात फोन येतो, ‘ताई, तुमची केवायसी अपुरी राहिली, हप्ता थांबेल, आकडे सांगा.’ तिनं सांगितले, तर तिला अडाणी म्हणायचा हक्क मला तरी नाही. तिला ही सवय आपणच लावली. त्याच सुमारास खोट्या संकेतस्थळांचा सुळसुळाट झाला आणि मंत्री आदिती तटकरे यांना अधिकृत संकेतस्थळच वापरा असं आवाहन करावं लागलं.

‘अनोळखी लिंक उघडू नका’ या उपदेशाचंही असंच आहे. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, किसान योजनेची यादी अशा नावांच्या फाइली हल्ली फिरतात. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे तो कागद नव्हे, फोनमध्ये शिरणारं ॲप असतं. एकदा शिरलं की ते येणारे मेसेज वाचतं, ओटीपी परस्पर पळवतं, आणि तुमच्या व्हॉट्सॲपवरून तुमच्याच ओळखीच्या लोकांना स्वतःची प्रत पाठवतं. म्हणजे फाइल येते ती सरपंचांच्या नंबरवरून, शाळेच्या ग्रुपवरून, मेव्हण्याकडून. अनोळखी काही राहतच नाही.

माणूस ओळखण्याचा विषय निघाला की मला दक्षिण अमेरिकेतला एक अभ्यास आठवतो. स्वभावाचे ते पाच घटक साऱ्या माणसांना लागू आहेत असं बराच काळ मानलं गेलं. पण ज्यांच्यावर ते तपासले ती माणसं बहुतेक शहरी आणि शिकलेली. 2013 साली मायकल गुर्व्हन आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियाच्या जंगलात शिकार आणि शेती करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांमध्ये, 632 जणांवर, हीच चाचणी त्यांच्या भाषेत घेतली. पाच घटक उमटलेच नाहीत. दोन उमटले: माणूस चारचौघांशी कसा वागतो आणि कामाला कसा आहे. मी हे वाचलं तेव्हा हसलो. पाड्यावर सोयरीक जमवताना आपण तरी दुसरं काय विचारतो? माणूस धड आहे ना, आणि हातानं कामाचा आहे ना. छोट्या वस्तीत माणसं एकमेकांना अशी वाचतात, आणि ते वाचन सहसा खोटं ठरत नाही, कारण मागे पिढ्यांची माहिती असते. फोनवरच्या आवाजाला घर नसतं, सोयरे नसतात. इथली माणसं अडाणी म्हणून फसत नाहीत. माणूस वाचायची त्यांची जी रीत आहे, ती चालायला माणूस समोर लागतो.

अर्थात ओळखीतही धोका असतो, आणि नाशिक जिल्ह्याला ते नव्यानं सांगायला नको. केबीसी मल्टिट्रेड नावाच्या कंपनीनं तीन वर्षांत पैसे तिप्पट करून देतो म्हणत हजारो घरं ओढली. 2014 साली ते बिंग फुटलं, माणसांनी जीव दिले. तिथे फोनवरचा कुणी अनोळखी साहेब नव्हता. एजंट म्हणजे भाऊबंद, शिक्षक, शेजारी. आणि अलीकडचं, 2024 च्या नोव्हेंबरातलं मालेगावचं प्रकरण. नोकरीचं आमिष दाखवून तरुणांची कागदपत्रं घेतली, त्यांच्या नावानं सहकारी बँकेत खाती उघडली आणि त्यांतून शंभर कोटींवर रक्कम फिरवली, असा आरोप झाला. सक्तवसुली संचालनालयानं तपास सुरू केला. या प्रकारात पोरांचा पैसा जात नाही. त्यांचं नाव जातं, खातं जातं, आणि पोलीस दारात येतात. इथे बसलेल्या तरुणांना सांगतो, पाच हजार देतो, तुझं पासबुक, एटीएम आणि सिम महिनाभर वापरायला दे, असं कुणी म्हणालं तर तो तुम्हाला गुन्ह्यातला आरोपी व्हायचे पाच हजार देत असतो. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला, नाहीतर गुजरातेत कामाला जाणाऱ्यांपाशी असे लोक येऊ शकतात, कारण परगावी पैशाची नड असते आणि विचारायला गावचं माणूस जवळ नसतं. म्यानमारमध्ये तर नोकरीच्या नावानं नेलेल्या भारतीय पोरांना कोंडून त्यांच्याकडूनच फसवणुकीचे फोन करवून घेतले जातात. पलीकडचा आवाजसुद्धा कधी कधी कैद्याचा असतो.

या सगळ्याचा पसारा केवढा? केंद्रीय गृह मंत्रालयानं 2025 च्या जुलैत संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार 2023 मध्ये सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे 7,465 कोटी रुपये गेले आणि 2024 मध्ये 22,845 कोटी. एका वर्षात तिपटीहून जास्त. या एका वर्षात भारतीयांचा स्वभाव तिपटीनं बिघडला काय?

आता इथल्याच एका गोष्टीकडे वळतो. 6 मार्च 2018 ला नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. त्यात सुरगाण्याची माणसं मोठ्या संख्येनं होती, आज इथे बसलेल्यांपैकीही असतील. 12 मार्चला मुंबईत दहावीचा पेपर होता. पोरांना त्रास नको म्हणून ही माणसं, पायांना फोड आलेले असताना, रातोरात सोमय्या मैदानावरून निघून पहाटे आझाद मैदानात पोचली. सौजन्य आणि कर्तव्यबुद्धी मोजायला याहून चांगली प्रश्नपत्रिका मला बनवता येणार नाही. आणि याच सौजन्यशील माणसांनी सरकारकडून वनहक्कासकट इतर मागण्यांवर लेखी आश्वासन घेतलं. तोंडी चालणार नाही, लेखी द्या, हे त्यांनी मंत्र्यांना ऐकवलं. त्यातलाच एखादा म्हातारबा आज घरी एकटा असेल आणि ‘मी साहेब बोलतोय’ असा फोन आला तर कदाचित उभा राहून बोलेल. त्याचा स्वभाव बदललेला नाही, सोबत बदलली आहे. लाँग मार्चमध्ये हजारो जण बरोबर होते, फोनवर कुणी नाही.

वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रं ज्या घरांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला जपून ठेवली, ती घरं बेफिकीर नाहीत. उलट तहसील, वनखातं, पोलीस यांच्या कागदावर आपलं जगणं टांगलेलं आहे याची त्यांना फार जाणीव आहे. कचेरीचा फोन म्हणजे कागद रद्द होण्याची भीती. शहरातला माणूस कचेरीला वैतागतो, इथला माणूस तिला घाबरतो. ठगाला ही भीती फुकटात मिळते. ती सावकारांनी, ठेकेदारांनी आणि कचेऱ्यांनी कित्येक पिढ्या मेहनत घेऊन तयार केलेली आहे.

तेव्हा जागरूकतेचे कार्यक्रम कसे असावेत, याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. व्याख्यान देऊन ती येत नाही, माझ्या या व्याख्यानानंही येणार नाही. हॉफलिंगच्या नर्सना नियम पाठ होता. त्यांना सवय नव्हती ती डॉक्टरला ‘थांबा’ म्हणायची. विल्यम मॅकगायर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात मनाच्या लसीची कल्पना मांडली. खोट्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधी द्यायचा, त्याला उत्तर द्यायला लावायचं, म्हणजे पुढचा खरा हल्ला पेलतो. हे पाड्यावर करता येतं. बचतगटाच्या बैठकीत आशाताईंनी किंवा कॉलेजच्या एखाद्या पोरानं दुसऱ्या खोलीतून फोन लावायचा, आवाज चढवायचा, ‘पोलीस स्टेशनमधून बोलतोय’ म्हणायचं. आणि बाईनं सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं, ‘साहेब, ग्रामपंचायतीत या, सरपंचांसमोर बोलू,’ आणि फोन ठेवून द्यायचा. पहिल्यांदा हसू येईल, दुसऱ्यांदा जीभ अडखळेल, पण एकदा तोंडात बसलं की बसलं. ‘साहेब’ म्हणूनच नाही म्हणायचं, सौजन्य सोडायचं कारण नाही.

दुसरी सवय फसल्यानंतरची. 1930 हा नंबर. पैसे गेल्याचं कळताच फोन लावायचा, कारण गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत अशी पळते आणि शेवटी एटीएममधून रोख निघते. रोख निघायच्या आत खातं गोठलं तर काही हाती लागतं. सुरगाण्याहून नाशिकला सायबर ठाण्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस, तोवर पैसा कुठल्या कुठे. म्हणून आधी फोन, मग प्रवास. इथे पुन्हा स्वभाव आडवा येतो. घरचे काय म्हणतील, नवरा काय म्हणेल, या लाजेपायी बायका दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि पुरुष तर त्याहून जास्त गप्प बसतात. फसलेल्या माणसाला हसणारं प्रत्येक घर ठगाला तेवढे तास मिळवून देतं.

शेवटचा मुद्दा पैशाच्या जबाबदारीचा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची तक्रार तीन कामकाजी दिवसांत केली तर ग्राहकाचं नुकसान शून्य धरायचं ठरलं. पण ग्राहकानं स्वतःच गुप्त आकडे सांगितले असतील तर तो निष्काळजीपणा मानला गेला आणि तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याच्या माथी. म्हणजे घाबरवून काढून घेतलेला ओटीपी आणि आपखुशीनं वाटलेला ओटीपी एकाच मापानं मोजायचे. ब्रिटननं 7 ऑक्टोबर 2024 पासून वेगळी वाट धरली. ग्राहकाला फसवून त्याच्याच हातून पैसे पाठवायला लावले असतील तरी 85 हजार पौंडांपर्यंत भरपाई बँकांनी द्यायची. निम्मी ज्या बँकेतून पैसे गेले तिनं, आणि निम्मी ज्या बँकेत ठगाचं खातं होतं तिनं. ठगाचं खातं उघडून देणारी बँकही जबाबदार धरली गेली की तिला खातेदाराचं घर-दार नीट पाहावंसं वाटतं. आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा चालेल असं मी म्हणत नाही. पण माणसाचा स्वभाव सुधारत बसण्यापेक्षा हे काम हजारपट सोपं आहे.

तोवर इथल्यापुरत्या दोन गोष्टी सुचवतो. मिनी बँकेत अंगठा लागला की किती रक्कम निघाली ते यंत्रानं मराठीत, जमलं तर कोकणा बोलीत, मोठ्यानं बोलून दाखवावं. ज्या खात्यातून महिन्याला दोन-तीन हजारांच्या वर कधी निघत नाहीत, त्यातून एकदम वीस हजार अनोळखी खात्याकडे निघाले तर बँकेनं ते चोवीस तास अडवावेत आणि खातेदारानं नेमून दिलेल्या घरच्या माणसाला विचारावं. मुलगा चालेल, गुरुजी चालतील, सरपंच चालतील. या दोन गोष्टी सुरगाणा तालुक्यात करून पाहायला काय अडचण आहे, असा माझा प्रश्न आहे. बँकांचे अधिकारी आज पहिल्या रांगेत बसलेले आहेत. माझं बोलणं इथे संपलं, ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे देतो.